पंच्याखालची बोटं

कर्जत, सोमवार, संध्याकाळ

...त्या सकाळी चूल सारवून, भांडी घासून मी हात पुसत होते, तोच यांनी मला टाइपरायटरपुढं बसवलं. माझ्या हातांवर आपला पंचा पसरला. म्हणाले, "बघायचं नाही. बोटांना कळू दे." इंग्रजी टायपिंग मी असं शिकले.

आज तेच का आठवतंय? हे गेल्यावर त्यांच्या जागी वकीलसाहेबांकडे लागले, तिथं मुंबईचे कागद इंग्रजीत, इथल्या कोर्टाचे मराठीत. टेबलावर दोन मशिनं. मराठी मी एकटीच शिकले, अक्षरांकडे बघत. आज सकाळभर इंग्रजी केलं आणि दुपारी मराठीला बसले, तर बोटं इंग्रजीच्याच जागी पडायला लागली. अर्जाची नुसती खिचडी. साहेब म्हणाले, "बाई, उद्या सांगेन ते मराठीत नीट उतरायला हवं. नाहीतर दोन्ही येणारा माणूस बघावा लागेल."

घरी येऊन सांगितलं, तर जाऊबाई हसल्या. "बोटं हायेत गं ती, बैल नाय. वळवलीस का वळतील."

वळतील. पण मग यांनी शिकवलेलं पुसलं जाईल? भीती नक्की कशाची, नोकरीची की त्याची? पाटावर बोटं आपटत मराठीच्या जागा घोकतेय. पंचा ट्रंकेतच आहे.

मंगळवार

पंचा घेऊन गेले. मराठी मशिनवर पसरला, हात खाली घातले आणि म्हटलं, "सांगा, साहेब." अर्ज हळू, पण नीट उतरला. मग तोच पंचा इंग्रजी मशिनवर घातला आणि मुंबईचे कागद संपवले.