प्रार्थनेला नेलेलं विरजण

ती. ओनेटाताईस,

धाकट्या डेल्मरचा आदराचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? डावा विचारतो आहे. उजव्याचं मागच्या पत्रात विचारून झालं. नदीपलीकडे तुमच्या इंडियानात वारा फार बोचरा म्हणतात, तेव्हा लोकरीच्या मोज्यांवर आणखी एक जोड चढवत जा, आणि कोंबड्या आत घेतल्यास की नाही तेही कळव. माझी प्रकृती बरी आहे. छातीत मधूनमधून धडधडतं, पण ते आजाराने नव्हे, काळजीने. (पत्र डिस्टिलरीबद्दल आहे. बर्बन व्हिस्कीचं नाव निघालं की तू हातातलं काम टाकून उठतेस हे मला ठाऊक आहे. पण बस जरा. यात चर्चही आहे.)

इकडे केंटकीत गोठणारा पाऊस झाला. झाडं काचेची झाली, तारा तुटल्या, गावाची वीज गेली. डिस्टिलरीचे नळ गोठले, माझी विजेची शेगडी मेली, आणि नेमकं तेव्हाच आजोबांचं यीस्टचं विरजण माझ्या ताब्यात! दारूबंदीच्या काळात आजोबांनी भट्टी स्वतःच्या हाताने मोडली, पण हे विरजण बुधल्यात घालून विहिरीत सोडलं आणि गुपचूप जगवलं, हे तूच मला लहानपणी सांगितलंस (अर्थात वाईट उदाहरण म्हणून). त्याच विरजणावर आज कोरिनची भट्टी चालते. कोरिन म्हणजे आपल्या शेजारच्या टॉलिव्हरची नात. पोरगी गुणी, पण तोंडाने फटकळ. ती म्हणाली, “डेल्मरकाका, नळ सुटले की सोमवारी मका शिजवायला घेणार. तोवर तुमचं म्हातारं जगलं तर आनंद आहे. नाहीतर मी पाकिटातलं यीस्ट आणून ठेवलंय. शिजलेला घाटा कुणासाठी थांबत नाही.” तिचंही खरंच होतं. पाकिटातलं यीस्ट वाईट असतं असं मी म्हणत नाही. पण त्याला आजोबा नसतात.

म्हणून मी बुधला अंथरुणात घेतला. (बर्नाडीन, देव तिला सुखात ठेवो, हयात असताना मी तिच्या अंगावरचं पांघरूण इतक्या वेळा कधी नीट केलं नसेल.) रविवार उजाडला तोवर घर असं गारठलं की मला माझ्यापेक्षा विरजणाची धास्ती. गावात लाकडाची शेगडी एकट्या चर्चमध्ये. तेव्हा मी विचार केला, आणि मी विचार केला की काय होतं ते तुला माहीत आहे. विरजण भुकेलं राहू नये म्हणून निघताना त्याला मोड आणलेल्या जवाची कोमट पेज पाजली. कोटावर सांडू नये म्हणून बूच ठोकून बसवलं. आणि बुधला कोटाच्या आत धरून थेट शेगडीला चिकटून बसलो.

ब्रदर हॉलिसनी नेमका त्या दिवशी व्यसनावर उपदेश धरला होता. ते रंगात आले तसा माझ्या पोटाशी आवाज सुरू झाला. आधी गुडगुड, मग घरघर. शेजारी ओपल स्किनर बसली होती (तीच ती, जिच्या घरी सगळ्या रोगांवर एरंडेल). ती कुजबुजली, “डेल्मर, सकाळी काय खाल्लंस रे?” तिने मला पेपरमिंटची गोळी दिली. पुन्हा आवाज झाला, पुन्हा गोळी. मागच्या बाकावरून सोडा आला, पुढच्या बाकावरून एक अतिशय वाईट नजर आली. मी सगळं खाल्लं. नजरसुद्धा. काय सांगणार होतो?

आणि ब्रदर हॉलिस “पश्चात्ताप करा!” असं म्हणून थांबले त्या शांततेत बूच उडालं. ते हजेरीच्या फळ्यावर आपटलं आणि माझ्या गळपट्टीतून पांढराशुभ्र फेस वर आला. बायका किंचाळल्या. ब्रदर हॉलिस खाली उतरून माझ्यासमोर उभे राहिले. “डेल्मर, ही दारू आहे का?” खोटं बोलायला जागा नव्हती, देवाचं घर. मी म्हणालो, “नाही ब्रदर. अजून नाही.”

ताई, मी संपलो असंच समजलो होतो. पण ओपलने नाक पुढे केलं आणि खवळली, “दारू कसली डोंबलाची! पाव फुगवायचं यीस्ट आहे, माझ्या आईच्या स्वयंपाकघराचा वास येतोय! आणि बघत काय उभे राहिलात, ब्रदर? म्हाताऱ्याचा जीव सांडतोय तिकडे. धरा काहीतरी खाली!” ब्रदर हॉलिसच्या हाताला दानाचं तबक लागलं, तेच त्यांनी धरलं. त्या तबकात आजवर इतकं भरभरून दान पडलं नव्हतं. बायकांनी जेवणाला आणलेल्या बटाट्याच्या कोशिंबिरीचा वाडगा रिकामा केला, मी कोटाची बाही पिळली, आणि व्यसनाचा उपदेश ऐकायला आलेली अख्खी मंडळी गुडघ्यावर बसून आजोबांचं विरजण गोळा करत होती.

सोमवारी शिजलेला मका, राय नावाचं धान्य आणि जव निवले, मागच्या घाण्याचं आंबट पाणी घातलं, आणि जे वाचलं होतं ते मी लाकडी टाकीत ओतलं. टाकी मढ्यासारखी गप्प. कोरिन कात्री आणि पाकीट घेऊन उभी. मी टाकीवर कान ठेवला, प्रार्थना केली, मग कोरिनचे हात धरले, “आणखी थोडं थांब, पोरी.” ती म्हणाली, “काका, मी थांबतेय. तुम्हीच थरथरताय.” संध्याकाळ झाली तरी काही नाही. आणि मंगळवारी सकाळी मी दार उघडलं तर, ताई, खालून जाळ लावल्यासारखा सगळा घाटा खदखदत होता! फेस काठाला लागलेला, वास रस्त्यापर्यंत. कोरिन ओरडत आली, तिने पाकीट छताकडे भिरकावलं आणि मला उचलून गरकन फिरवलं. या वयात मला कुणी उचललं नव्हतं. मी टोपी काढून टाकीला सलाम ठोकला. जिंकलो, ताई! आता तांब्याच्या भट्टीतून निघून ते आतून जाळलेल्या ओकच्या नव्या पिंपात गेलंसुद्धा.

प्रकृतीला जप. आता थांबतो, माझी शाई आणि तुझा संयम दोन्ही संपत आले असतील.

तुझा काळजीवाहू भाऊ,
डेल्मर

ता. क. सगळं विरजण एकाच गावात ठेवणं बरं नव्हे, असं माझ्या मनाने घेतलं आहे. तुझं तळघर थंड आहे आणि तुझ्यावर कुणाला संशय यायचा नाही. एक बुधला ठेवशील का? तो काही मागत नाही, फक्त आठवड्याला पेज. पिंपात जाईपर्यंत ती दारू नसतेच, आणि पावासाठी तू हवं तेवढं घे.

ता. क. २. तू नाही म्हणायच्या आत मी कोरिनला तू हो म्हणालीस असं सांगून टाकलं. तिने त्या पिंपाच्या झाकणावर तापल्या लोखंडाने तुझं पूर्ण नाव उमटवलं आहे, ‘विरजणाची रखवालदारीण’ म्हणून. ते पुसता येत नाही. पण घाबरू नकोस, पिंप वर्षानुवर्षं अंधाऱ्या गोदामात राहणार, तिथे वाचतंय कोण? फक्त बाहेरगावचे पाहुणे येतात त्यांना कोरिन ते सर्वांत आधी दाखवते. रविवारी मात्र दाखवत नाही. तेवढा तुझा मान मी राखला आहे.