तिसऱ्या मजल्यावरचा नळ

भूम, बाजाराचा दिवस, चैत्र १९४६

आज पुन्हा तेच. सिद्रामप्पांच्या दुकानासमोर बाजारला आलेली माणसं जमली आणि मला जर्मनीतलं शहर सांगायला बसवलं. लढाईत कैद झालेला माणूस तिथं काय बघणार? सुटल्यावर एकदाच त्या शहरातून चालत गेलो, तेवढंच. विजेवरची ट्राम सांगितली, रुंद रस्ते सांगितले. मग नको तिथं आलो. पाच मजली घर, पुढची भिंत बॉम्बनं पडलेली, आणि तिसऱ्या मजल्यावर नळ चालू. पाणी खाली विटांवर पडत होतं.

"तिसऱ्या मजल्यावर पानी," सिद्रामप्पा म्हणाले. "लई अजब मुलूख."

मग सगळे पाण्यावरच बोलत बसले. भिंतीचं कुणी विचारलं नाही. मलाही कंटाळा आला होता.

घरी आलो तर माझी बायको गिरजा विहिरीवरून नुकतीच आलेली. पाणी तळाला गेलंय, तिचा अर्धा दिवस त्यातच जातो. तिलाही नळाचं सांगितलं, का कोण जाणे. घागर उतरवता उतरवता ती थांबली.

"मग बंद केला का न्हाय कुणी?"

"न्हाय."

"घरात बाई असती तर तिनं असं पानी जाऊ दिलं नसतं." मग हळूच म्हणाली, "लेकरं व्हती का वो त्या घरात?"

"ठाऊक न्हाय," म्हणालो.

नळाशेजारच्या दोरीवर एक लहानसा झगा वाळत होता. तो मी अजून कुणालाच सांगितलेला नाही.