मूठभर पावडर

१५ सप्टेंबर

पुन्हा तेच! मशीनमधून काढलेल्या काळ्या पॅंटवर पांढरे पट्टे. झटकली तर साबणाची पावडरच उडाली. उत्कर्ष म्हणाला, खडू तू शाळेत वापरतेस आणि पट्टे नवऱ्याच्या पॅंटवर!

त्याला चेष्टा सुचते. इकडे सासूबाईंची मान आणि कंबर खाजून खाजून लाल झाली आहे. बुद्धविहारात पावसाळाभर वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू आहे. पौर्णिमेला समारोप, आणि शेवटचं पान वाचायचा मान यंदा त्यांना. पांढरं पातळ नेसून बराच वेळ बसावं लागतं. तिथे त्या नेहमी दाराशीच बसतात, वारा लागतो म्हणून. काल तर वाचन अर्ध्यावर टाकून घरी आल्या. म्हणाल्या, दुसरीला वाचू द्या. मी म्हटलं, मुळीच नाही.

१८ सप्टेंबर

डॉक्टरांनी मलम दिलं आणि वर म्हणाले, आधी कपड्यातला साबण काढा. बरोबरच आहे. आमचं बोअरचं पाणी खारं. फेस येत नाही म्हणून पावडर वाढवायची, आणि ती कपड्यातच बसते!

२१ सप्टेंबर

आज मशीनचा समाचार घेतला. पावडरचा खण ओढला तर आत दगडासारखी वडी! जुन्या ब्रशने घासून काढली. जाळी धुतली. मग गरम पाणी ओतून मशीन रिकामीच फिरवली. एकही कपडा नाही, तरी फेस!

घरात नवे नियम जाहीर केले. कपडे कोंबायचे नाहीत. पावडर अर्धं माप, तीही कोमट पाण्यात विरघळवून. पांढरे कपडे नळाला गोडं पाणी येईल त्याच दिवशी. शेवटी एकदा जास्तीचं विसळणं. उत्कर्षने मान डोलावली. सासूबाई मापाकडे बघत राहिल्या.

२४ सप्टेंबर

तरीही पट्टे!! माझं डोकंच चालेना.

२५ सप्टेंबर

पावडर बदलली. दुकानदाराशी उगाच वाद घातला.

२८ सप्टेंबर

चोर सापडला. मशीन लावून अंघोळीला गेले, टॉवेल विसरला म्हणून परत आले. बघते तर सासूबाई झाकण उघडून मूठभर पावडर कपड्यांवर टाकताहेत!

असा संताप आला! रात्रंदिवस खाजवत बसायचं आणि औषधाच्या जागी विष आपणच ओतायचं. मी ऐकवलंच, की फेसाने कपडे स्वच्छ निघत नसतात. त्या हळूच म्हणाल्या, "फेसाचं नाई वं. तुया धुतल्या कपड्याले वासच येत नाई साबनाचा." स्वच्छ कपड्याला वास नसतोच, असं मी चांगलं मास्तरणीसारखं समजावलं. त्या हात पुसून आत गेल्या.



१ ऑक्टोबर

आज शेंगा सोलताना आपणहून बोलल्या. लहानपणी इंझोरीला शाळेत जायच्या तेव्हा एकच परकर. आई तो नाल्यावर नुसत्या पाण्यात पिळायची, साबण कुठून आणणार? मास्तर म्हणायचे, तुमच्या कपड्याले वास येते, दाराशी बस. तिथून फळा दिसायचा नाही. शाळा सुटली ती सुटलीच. अक्षरं पुढे म्हातारपणी विहारात गिरवली.

"आता कोनी जवळ बसलं, तं त्याले साबनाचाच वास आला पायजे," म्हणाल्या.

त्या मास्तरांचा इतका राग आला की शेंगेबरोबर नखही मोडलं. एवढी वर्षं या घरात आहे, आणि त्या दाराशी वाऱ्यासाठीच बसतात असंच धरून चालले होते.

४ ऑक्टोबर

नळ आला. पातळ दोघींनी मिळून मशीनला लावलं. पावडर त्यांनीच घेतली, मापाने. शेवटचं पाणी बादलीत धरून दाखवलं — नितळ! त्यांनी हात बुडवून चोळून पाहिला. पातळ गच्चीवर वाळत घातलं. त्यांच्या मानेची लाली बरीच निवळली आहे.

६ ऑक्टोबर, पौर्णिमा

निघताना त्यांनी पदर माझ्या नाकाशी धरला. "वास घे, साधना. खरं सांग."

"कशाचाच येत नाही, आई."

विहारात त्या दाराशी थांबल्या नाहीत. सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.