पांढऱ्या शालूचं पान

शनि. ९ फेब्रुवारी २००८

आज कॉम्प्युटर उघडला. उज्ज्वला गेल्यापासून पहिल्यांदा. पाच आठवडे त्याच्यावर तिनेच शिवलेलं कव्हर होतं. काढताना वाटलं, विचारायला हवं होतं.

ती शालू विकायची त्या साइटने पासवर्ड मागितलाच नाही. 'स्वागत, उज्ज्वला.' मशीनला काय माहीत.

तिच्या पानावर निरोपांची रांग. 'भावपूर्ण श्रद्धांजली, ताई.' त्याच्या लगेच वर, 'ताई, निळ्या काठाचा शालू एप्रिलपर्यंत मिळेल का? रेट सांगा.' एकीने दोन्ही लिहिलंय, आधी रेट विचारला, चार दिवसांनी श्रद्धांजली. दुसऱ्याचं कोणी वाचत नाही. आपलं लिहायचं आणि जायचं.

बंद केलं. कव्हर घातलं.

रवि. १०

मंदाताई आली. बदलापूर गावातल्या तीन बायका आणि ती, अशा चौघी उ.चं भरतकाम करतात. कापड उल्हासनगरला हरेशभाईंच्या दुकानातून, भरतकाम गावात, गिऱ्हाईक या मशीनमधून. तिन्ही टोकं उ.च्या हातात होती.

"भाऊजी, लग्नाचा सीझन तोंडावर आला. तुम्ही दुःख करा, कोण नाही म्हणतंय. पण आमचे हात रिकामे बसलेत."

चहा केला. साखर दुप्पट पडली. तिने तसाच प्यायला.

मंगळ. १२

हरेशभाई उ.च्या पुण्यानुमोदनाला आले होते, तेव्हाही त्यांची नेहमीचीच गोष्ट सांगून रडले. उल्हासनगरच्या बाजारात पांढरं कापड मागच्या कपाटात असतं, मयतीसाठी. तीन वर्षांपूर्वी उ. तिथे गेली आणि लग्नासाठी पांढरं मागितलं. "भाभी, सफेद? शादी में?" ती म्हणाली, "हमारे बौद्धों में नवरी सफेदही पहनती है, साईं. तुम पीछेवाला कपाट खोलो."

शालूचे फोटो मी काढायचो. नेसून उभी राहायची ती स्वतः, आमच्या हॉलच्या भिंतीपाशी. एखादी मुलगी उभी कर म्हटलं तर ऐकलं नाही. "मोठी दुकानं पैसे देऊन बाई उभी करतात. माझ्याकडे मी आहे. बघणारीला कळतं की ही बाई खरी आहे, फोन केला तर हीच उचलणार."

तिचं दुकान म्हणजे एवढंच. पाटी नाही, गल्ला नाही. एक चेहरा आणि अनोळखी लोकांचा विश्वास. एकीने शालू नेसून फोटो टाकला की तिच्या मैत्रिणी बघणार, त्यांच्या बहिणी बघणार. नागपूर, अकोला, पुणे. मी त्याला टाइमपास म्हणालो होतो. एकदाच.

गुरु. १४

कामावरून आल्यावर पुन्हा उघडला. श्रद्धांजली लिहिणारे कोण कोण, म्हणून एकेका नावावर जाऊन पाहिलं. नागपूरची एक मुलगी, हिचा शालू अर्धा भरून, रेशमावाचून मंदाताईकडे पडलाय. हसरी आहे. सगळे चेहरे बघितले. पाच आठवड्यांत पहिल्यांदा बरं वाटलं.

शनि. १६

नागपूरहून त्या मुलीच्या आईचा फोन.

"जयभीम सर. तुमच्या मिसेसनी परवा आमच्या मुलीचं पान बघितलं."

म्हटलं, ती नाही आता.

"तेच तर. कोण येऊन गेलं ते साइट दाखवते ना. त्यांचं नाव आलं. फोटो आला. पांढऱ्या शालूतला."

म्हटलं, तो मी होतो. तिकडचा आवाज एकदम खाली आला. मग, "आम्ही असलं काही मानत नाही हो. बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्यात घरात. पण पोरगी घाबरली. आणि तिच्या होणाऱ्या सासूने ते श्रद्धांजलीचं सगळं वाचलंय. म्हणते, नको तो शालू."

ऑर्डर रद्द. आणखी दोघींनी लिहून कळवलं. एकीने कारण दिलं, एकीने तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

नुसतं बघितलेलं दिसतं, हे मला माहीत नव्हतं. मी कुणाला एक शब्द लिहिला नाही. तिच्या नावाने पंधरा-वीस घरांत डोकावून आलो, आणि साइटने प्रत्येक घरी जाऊन सांगितलं.

मानत नाही म्हणतात. आम्हीही मानत नाही. मग ती बाई फोनवर एवढी हळू का बोलत होती?

मंगळ. १९

अर्धी रजा टाकून अंबरनाथच्या कामावरून परस्पर उल्हासनगरला. हरेशभाईंनी गिऱ्हाईक सोडून मला आत बसवलं. पाणी, चहा, सगळं.

"दादा, गुस्सा मत होना. वो श्रद्धांजली सब निकाल दो. शादी का माल है. लडकी आती है शालू देखने, नीचे रोना-धोना पढती है. कौन लेगा?"

मी त्यांच्या गल्ल्यामागे पाहिलं. त्यांच्या वडिलांचा फोटो, चंदनाचा हार, छोटा लाल बल्ब.

"आणि हा?"

"ये गल्ले के पीछे है, दादा. शोकेस में नहीं."

चहा संपवला.

मग म्हणाले, नाव चालू राहू दे, लोकांचा भाभीवर भरोसा आहे. "जवाब मैं लिख दूँगा. आप सिर्फ पासवर्ड दो." माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नाही. त्यांचा विश्वास बसला नाही, हे दिसलं. निघताना शर्टपीस देत होते. घेतला नाही.

रवि. २ मार्च

साइटवर नवीन पान. उ.चंच नाव, पुढे 'शालू'. फोटो आमचे. मागे आमच्या हॉलची भिंत, तडकलेला स्विचबोर्डसुद्धा आलाय. सगळे फोटो मानेपासून खाली. डोकं कापलेलं.

हरेशभाईंना फोन केला. नाकारलं नाही. "आपको बुरा न लगे, इसलिए चेहरा निकाला, दादा. कसम से." खोटं बोलत नव्हते. तेच सहन झालं नाही. फोन ठेवला.

मंदाताई त्यांच्या दुकानात जाऊन आली. शालू उलटा करून बघितला म्हणे. "मशीनचं काम आहे, भाऊजी. मागून सगळं सारखं, मेल्यासारखं. आमच्या हातचं मागून ओळखू येतं. ही सुमनची गाठ, ही माझी."

फोटोत मागची बाजू दिसत नाही. त्या पानावर माणसांची नुसती गर्दी. आमच्याच जुन्या गिऱ्हाइकांची नावं त्यात वाचली.

रवि. ९

मंदाताई सकाळीच आली. आज चहासाठी थांबली नाही, सरळ मुद्द्यावर.

"तिचं पान चालू ठेवा. ती गेली हे आपल्याला ठाऊक. पानाला कशाला सांगायचं?"

"ते खोटं होईल."

"आणि तिकडे मुंडकं कापून लावलंय, ते खरं काय? त्यांना मशीन आहे. आम्हाला काय आहे, सांगा ना. तिचं तोंड आहे फक्त."

बसलो. एकेक श्रद्धांजली काढली. प्रत्येक वेळी मशीन विचारतं, नक्की काढायचं? हो. हो. हो. तिच्या शाळेतल्या मैत्रिणीने लांबलचक लिहिलं होतं, उ. कवायतीत नेहमी चुकीच्या पायाने सुरू करायची. ते आधी या वहीत उतरवून घेतलं, मग काढलं.

जेवायच्या वेळेपर्यंत त्या पानापुरती उ. गेलेलीच नव्हती.

शुक्र. १४

दोन ऑर्डर आल्या. उत्तरं मी लिहिली, तिच्या नावाने, ती लिहायची तशी. शेवटी 'जयभीम, तुमची उज्ज्वलाताई'. एवढं लिहायला अर्धा तास. मुलगी लगेच उलट लिहिते, 'थँक्यू ताई, किती पटकन उत्तर देता!'

गावात चौघी कामाला बसल्या. मं.ताईने निरोप पाठवला, निळं रेशीम लागेल. बरं वाटलं, हे नाकारत नाही. त्याचाच राग येतोय.

ती असताना तिला एक ओळ लिहिली नाही मी. आता रोज तिची सही करतो.

रवि. १६

अकोल्याची मुलगी. तिघी बहिणी आणि दोन चुलत बहिणी, एकाच मांडवात लग्न. पाच शालू. चौघींना मेअखेरपर्यंत पुरेल एवढं काम. काल तिने लिहिलं, 'ताई, तुमच्या नावाचं ते दुसरं पान पण बघितलं, स्वस्त आहे. पण तुमचा चेहरा बघून विश्वास वाटतो. एकदा फोनवर बोला, की ऑर्डर पक्की. तुमच्या स्वतःच्या लग्नातल्या शालूबद्दल पण ऐकायचंय.' नंबर तिला जुन्या फोटोखाली मिळालाय. आमच्या घरचाच. आज तीनला करणार.

मं.ताई अडीचलाच आली. म्हणते, "मी उचलते. बाईचा आवाज तो बाईचा आवाज. तिला काय कळणार?"

म्हटलं, मी उचलतो.

"उचलून काय सांगाल?"

घड्याळ बघितलं.

आता तीनला दहा कमी. फोनपाशी बसलीय, पदर सारखा करून, जणू तिकडून दिसणार आहे. मघाशी म्हणाली, "लग्नातला शालू कसा होता तिचा, ते तरी सांगून ठेवा. विचारेल ती."

तो शालू हरेशभाईंच्या बाजारातलाच होता. मागच्या कपाटातला, मयतीच्या कापडाचा. तेव्हा दुसरं पांढरं परवडत नव्हतं. तिच्या आईने त्याला हाताने निळी पट्टी शिवली, एका बाजूला थोडी तिरकी गेली. मांडवात कुणाला कळलं नाही. उ.ला माहीत होतं आणि मला. दोघांनी कधी तो विषय काढला नाही. तीन वर्षांपूर्वी ती त्या कपाटापाशी गेली, ते हरेशभाई दर वेळी सांगतात. का गेली, ते त्यांना माहीत नाही.

मं.ताई वाट बघतेय. सांगितलेलं नाही अजून.

फोनची घंटा वाजतेय. तीनला अजून