मामंजींचा डोळा, माझं बोट

बुधवार, १२ जानेवारी १९३८
मामंजींच्या डोळ्याचं भोक बुजत चाललं! दिवाळीआधी वाशीमच्या डॉक्टरांनी काचबिंदूसाठी उजव्या डोळ्याला बारीक छिद्र पाडलं होतं, आतलं पाणी झिरपून जावं म्हणून. आज म्हणाले, "वाट बंद होतेय. पाणी तुंबून डोळा टणक झालाय." डावा तर आधीच गेलेला. हाही गेला तर मामंजींनी भिंती चाचपत फिरायचं — नको, लिहवत नाही.

उपाय सोपा. सकाळ-संध्याकाळ मिटल्या डोळ्यावर, खालच्या पापणीवरून बोटानं हळूच दाबायचं. पण दाबणार कोण? सासूबाईंचे हात कापतात. ह्यांनी बोट टेकवलं आणि ह्यांनाच भोवळ आली! मस्तवाल बैल आवरणारा गडी! डॉक्टर म्हणाले, "सूनबाई, तुम्हीच. आधी स्वतःचा दाबून पाहा, कसा मऊ लागतो ते."

मी! जिचा मामंजींपुढे पदर हनुवटीपर्यंत. लग्न झाल्यापासून एका शब्दाचं बोलणं नाही. सासूबाई म्हणाल्या, "डोया वाचला पायजे. रीतभात मंग पाहू."

शुक्रवार, १४ जानेवारी
संक्रांत. तिळाचे लाडू फक्कड झाले. दाबणंही चालू. पदराआडून दिसत काही नाही, पण दाबलं की मामंजी "अंहं! अंहं!" करतात. आराम पडतोय बहुतेक. मी आणखी दाबते.

सोमवार, १७ जानेवारी
अरे देवा! मी मेलेला डोळा दाबत होते! दवाखान्यात त्यांच्या उशाशी उभी होते, घरी समोर बसले, आणि उजवं-डावं उलटं झालं. शेवटी मामंजींनी सासूबाईंना सांगितलं. त्या चुलीपाशी येऊन ओरडल्या, "अवो, त्या गेलेल्या डोयाले काहून दाबून राह्यली?"
"मग त्यांनी मला सांगितलं का नाही?"
"सासरा सुनेशी बोलते काय वं?"

आधी हसू फुटलं, मग रडू. माझ्यापायी डोळा गेला तर?

बुधवार, १९ जानेवारी
वाशीम. वाट पार बुजली होती. डॉक्टरांनी डोळा बधिर करून बारीक सुईनं चिकटलेली जागा पुन्हा सोडवली. मी देवाचं नाव घेत दाराशी.

मग डॉक्टर माझ्यावर उखडले. "पदर वर घ्या! आणि पाटील, तुम्ही तोंड उघडा!" घेतला वर. कान तापले नुसते. मामंजी खाकरले. मग त्यांचं मला पहिलं वाक्य — "उजवा, बाई. आपला उजवा."
कंपाउंडरसुद्धा हसला.

गुरुवार, ३ फेब्रुवारी
डोळा मऊ! पिकल्या बोरासारखा. डॉक्टर म्हणाले, वाट छान वाहतेय. मामंजींना अंगणातली शेळी दिसते, वरणातलं पाणीही दिसतं. "सूनबाई, हे वरण हाय का नदी?" तोंड उघडलं ते आता मिटतच नाही. रीत होती तीच बरी होती!

शनिवार, ५ फेब्रुवारी
बोटाला चाळाच लागलाय. सासूबाईंचे डोळे दाबले, शेजारच्या पंचफुलाबाईंचे दाबले. सगळे मऊ. पंचफुलाबाई म्हणतात, "आमच्या गावची डाक्टरीण!"

रविवार, ६ फेब्रुवारी
दुपारी हे ओसरीवर आडवे झाले होते. थट्टेनं ह्यांच्या मिटल्या डोळ्यांवर बोट ठेवलं. हे हसले, "काहून छळून राह्यली वं?"
पुन्हा दाबून पाहिलं. दोन्ही टणक.
उद्या गाडी जुंपायला सांगितली आहे. ह्यांना वाटतं, मामंजींसाठीच.