दहा मिनिटांचं ताट

मंगळवार संध्याकाळ, वडूज

आज मी जेवत्या माणसापुढचं ताट उचललं, हे आधी लिहून ठेवते.

माझे दोन ससे, काळ्या आणि सोनी, एकाच भांड्यात खातात. वेगळं ठेवलं की दोघंही पाल्याला तोंड लावत नाहीत. काळ्या भसाभसा ओढतो. सोनी मेथीची एकच काडी चघळत बसते. आणि माझे सासरे, आबा, फौजेतून रिटायर झालेले, बरोबर दहा मिनिटांनी भांडं उचलतात. "फौजेत दहा मिनटात ताट रिकामं. ज्याला जमत न्हाई त्यानं उपाशी ऱ्हावं!" पंधरा दिवस विनवतेय, "आवं आबा, ती हळू खाती." ऐकतील तर शपथ. आज सकाळी सोनीला उचललं तर पाठीचा मणका न् मणका हाताला लागला. भांडं गेलेलं, तोंडात तेवढी काडी.

काल आबांच्या दोन दाढा काढल्या. म्हणून आज दूध-भाकरी कुस्करून वाढली. एकेक घास गालात घोळवत बसले होते, अगदी सोनीच्या त्या काडीसारखा. घड्याळ त्यांच्या पाठीमागं भिंतीवर. मी ताट उचललं.

"आगं, जेवतोय की मी!"

"दहा मिनटं झाली, आबा."

बघतच राहिले. मला वाईट वाटायला हवं होतं का? शोधून बघितलं, सापडलं नाही.

खरं तर आठच मिनिटं झाली होती. उरलेली दोन सोनीच्या नावानं.