लाइन जवळजवळ शाबूत

२ एप्रिल २००८, बुधवार. सुट्टी.

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही, पण कामाला शिस्त हवी. ट्रेन बंद होईपर्यंत मी बत्तीस वर्षं मेदानो चिको स्टेशनच्या तिकीट खिडकीवर बसलो. शिस्त अंगात मुरलेली आहे.

‘ट्रेन परत आणा’ समितीची सद्यस्थिती: सभासद तीन. अध्यक्ष मी. खजिनदार माझी बायको देल्मिरा (तिला अजून सांगितलेलं नाही). चिटणीस औषधवाला बेलिसारियो. तो मागच्या हिवाळ्यात वारला, पण राजीनामा दिलेला नाही.

जेवताना देल्मिराने परत बाइयाचा विषय काढला. आमची मुलगी नोएमी बाइया ब्लांकाला असते. बाळ पाच महिन्यांचं. नोएमीचं म्हणणं, दोघं इकडेच राहायला या, शेजारचं घर रिकामं आहे. तुम्ही येणार नसाल तर तिचा नवरा वाल्तेर दक्षिणेची नोकरी घेईल. पार खाली, रिओ गायेगोसला. तिथून माणूस नाताळलासुद्धा घरी येत नाही.

मी म्हटलं, हे दबावाचं राजकारण आहे. आणि जावई चार वर्षं नुसता ‘जातो, जातो’ म्हणतोच आहे. देल्मिरा म्हणाली, गावात डॉक्टर नाही, बेकरी बंद झाली, माझा गुडघा गेला, आपण इथे कुणासाठी बसलोय? मी शांतपणे सांगितलं की ट्रेन आली की डॉक्टर येईल, बेकरीही येईल. तिने ताटं जरा जोरातच उचलली.

६ एप्रिल, रविवार

ऐतिहासिक दिवस. देल्मिराने स्वतःहून प्रस्ताव मांडला. म्हणाली, म्हाताऱ्या, आपण तुझ्या लाइनवरून चालू. इथपासून लारासाबालपर्यंत, दोघं. तिथे पोचल्यावर माझ्या डोळ्यांत बघून सांग की ट्रेन येणार. तू तसं सांगितलंस तर मी इथेच राहीन, आणि बाइयाचं नाव म्हणून पुन्हा तोंडातून काढणार नाही. नाही सांगता आलं, तर बॅग भरायची आणि माझ्याबरोबर यायचं.

लगेच मान्य. हस्तांदोलन केलं. देल्मिराने शब्द दिला की दिला. तिच्या माहेरी सगळे असेच आडमुठे.

एका दगडात दोन पक्षी: लाइनची पाहणी होईल, आणि बाइयाचा विषय कायमचा मिटेल. शिवाय लारासाबाल तिचं माहेर. तिथल्या फलाटावरूनच ती नवरी होऊन गाडीत चढली होती. बघेल तर विरघळेल.

संकल्प: उद्यापासून रोज सकाळी दफनभूमीपर्यंत चालून यायचं.

९ एप्रिल

वारा होता म्हणून गेलो नाही.

११ एप्रिल

आज गेलो. अर्ध्यातून परतलो. बूट नवे आहेत, पायाची चूक नाही. देल्मिरा लंगडत लंगडत पूर्ण जाऊन आली, वर बेलिसारियोला फुलं घालून आली. चिटणीस विचारत होता, अध्यक्ष कधी येतायत, असं काहीतरी म्हणाली. तिच्या विनोदाची पातळी घसरत चालली आहे.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी कूच. सामान: तंबू, माते नावाच्या कडू चहाची किटली आणि त्याची पत्ती, यर्बा, बिस्किटं, सुकं मांस, दोन बाटल्या पाणी. देल्मिराला जास्त पाणी घ्यायचं होतं. मी समजावलं की प्रत्येक स्टेशनला इंजिनासाठी बांधलेली टाकी आहे, उगाच ओझं कशाला. रेल्वे मला शिकवू नकोस.

लाइनची स्थिती उत्तम. स्लीपर दिसतात. मधल्या एका भागात रूळ नाहीत, ते तात्पुरते काढलेले असावेत. पुढे एका शेताच्या फाटकाचे दोन्ही खांब रुळांचे निघाले. म्हणजे रूळ कुठे आहेत ते माहीत आहे. अर्धं काम झालं.

दुपारी रुळांच्या मधोमध काल्देनचं झाड. बुंधा माझ्या कमरेपेक्षा जाड. देल्मिरा सावलीत बसली आणि म्हणाली, आता ट्रेन आली तर हे काय बाजूला सरकून वाट देणार? मी वहीत लिहिलं: ‘एक झाड. हलवता येईल.’

तिने मातेत पाणी ओतून मला दिलं. लग्न झाल्यापासून पहिला घोट ती स्वतः घेते, कारण तो कडू असतो, आणि दुसरा मला देते. आजही तसंच. बरं वाटलं.

१५ एप्रिल, मंगळवार. लोस तेरोस स्टेशन.

जनसंपर्क. स्टेशनात एर्मिंदाबाई नावाची विधवा राहते. प्रतीक्षालयात तिचा पलंग, तिकीट खिडकीत कोंबड्या, सिग्नलच्या तारेवर धुणं. आम्हाला सरकारी माणसं समजून तिने आधी छप्पर गळतंय ते दाखवलं. समिती आहे म्हटल्यावर निराश झाली, पण तळलेल्या गरम पोळ्या दिल्या. आम्ही सात खाल्ल्या. म्हणजे मी.

तिला विचारलं, ट्रेन सुरू झाली तर कसं वाटेल? म्हणाली, अहो पण मग माझ्या कोंबड्या कुठे जातील? नोंद: स्थानिक जनतेचा पाठिंबा. फक्त कोंबड्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न.

नंतर दोघी बायका स्वयंपाकघरात बराच वेळ बोलत बसल्या. मी बाहेर फलाटाची लांबी मोजत होतो. आत गेलो तर देल्मिराचे डोळे लाल. विचारलं तर म्हणाली, चुलीचा धूर. एर्मिंदाबाई माझ्याकडे बघून म्हणाली, तुमची बायको सोन्यासारखी आहे हो, तिला असं वाळवंटात कशाला फिरवता? मी सांगितलं, कल्पना तिचीच होती. त्यावर ती बाई म्हणाली, तेच तर म्हणते मी.

याचा अर्थ लागला नाही. एकटी राहून माणूस असं तोडून बोलायला लागतं.

टाकीत पाणी नव्हतं. एर्मिंदाबाईने विहिरीतून बाटल्या भरून दिल्या.

१६ एप्रिल, बुधवार

आजच्या दिवसाबद्दल थोडक्यात.

सकाळी लाइन एका सोयाबीनच्या शेतात शिरली आणि पलीकडून बाहेर आलीच नाही. ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, कुठली लाइन? तरुण आहे. इतिहास शिकवत नाहीत हल्ली.

आम्ही अंदाजाने चाललो. अंदाज चुकला. वारा उलटा होता. पाणी दुपारपर्यंत संपलं. पुढच्या थांब्याची टाकी उभी होती, मी म्हटलंच होतं. फक्त तिला तळ नव्हता. आत कबुतरं.

देल्मिराने रिकामी बाटली उलटी धरून मला दाखवली. ती बोलत नाही तेव्हा जास्त बोलते.

मग जुन्या फाटकापाशी, जिथे मोटारींचा रस्ता लाइन ओलांडतो, तिथे दिफुंताचं छोटं देऊळ. नवऱ्याला शोधत वाळवंटात निघालेली आणि तहानेने मेलेली ती बाई. तिला पाणी मिळावं म्हणून ट्रकवाले भरलेल्या बाटल्या ठेवून जातात. शेकडो बाटल्या होत्या, उन्हात चमकत होत्या.

मी एक उचलली आणि प्यायलो. मग आणखी एक. संत बाई आहे, तहानेचं दुःख तिला कळणार नाही तर कुणाला? पाणी गरम होतं, प्लास्टिकचा वास येत होता. अमृत.

देल्मिराला बाटली दिली. तिने घेतली नाही. तिचे ओठ फुटले होते. म्हणाली, दिफुंताला द्यायचं असतं म्हाताऱ्या, तिच्या तोंडचं काढून घ्यायचं नसतं. मी म्हटलं, अंधश्रद्धा. ती खाली बसली. बराच वेळ त्या पुतळीकडे बघत होती. मग म्हणाली, हीसुद्धा नवऱ्याच्या मागे चालत निघाली होती. तिचं देऊळ झालं. मला देऊळ नको, मला गरम पाण्याची न्हाणी हवी, आणि नातू हवा.

माझी हनुवटी ओली होती, ती पुसली.

तेवढ्यात एक ट्रकवाला आला, देवीला बाटली ठेवायला. त्याने देल्मिराला स्वतःच्या थर्मासमधलं पाणी पाजलं. तो तिला हळूहळू पी, मावशी, असं म्हणत होता, आणि मी बाजूला उभा होतो. कुठे निघालात, विचारलं. देल्मिरा म्हणाली, ट्रेन कधी येते ते बघायला. तो हसेल असं मला वाटलं. हसला नाही. त्याने टोपी काढली.

नोंद: वाहतूकदार वर्गात समितीबद्दल आदर.

१७ एप्रिल, गुरुवार. लारासाबाल.

पोचलो. लाइन, एकूण विचार करता, जवळजवळ शाबूत आहे.

गावात एकच कुटुंब उरलंय, गुरं राखणारं. देल्मिराच्या माहेरच्या घराला छप्पर नाही. ती दारातून आत गेली, जिथे स्वयंपाकघर होतं तिथे उभी राहिली आणि बाहेर आली. रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, मग मी समजूत घालीन. तयारी करून ठेवली होती.

मग आम्ही फलाटावर गेलो. गवत कमरेएवढं. नावाच्या पाटीवरची निम्मी अक्षरं गेलेली. तिने माझा हात धरला. असा तिने फार वर्षांत धरला नव्हता. म्हणाली, हं, सांग आता.

ऊन समोरून येत होतं, त्यामुळे मी टाकीकडे बघितलं. आणि सांगितलं, येणार.

दुसरं काय सांगणार? बत्तीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो. उशीर आहे, पण येणार.

तिने हात लगेच सोडला नाही. आधी माझ्या शर्टाचं बटण लावलं. म्हणाली, बरं. जिंकलास.

गुराख्याने त्याच्या जुन्या गाडीतून हमरस्त्यापर्यंत सोडलं. तिथून बस. देल्मिरा खिडकीशी बसली. जिंकल्यावर भूक लागते असं ऐकलं होतं. लागली नाही. दगदग झाली.

१९ एप्रिल, शनिवार

देल्मिराने नोएमीला फोन केला. मी शेजारच्या खोलीत होतो, मुद्दाम ऐकलं नाही. देल्मिरा म्हणाली, नाही गं, नाही येत. तुझ्या बाबांची ट्रेन येणार आहे. नाही, चेष्टा नाही करत. त्यांनी सांगितलं मला. मग फोनमधून बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

समितीसाठी मोठा विजय. संकल्प: सोमवारपासून अहवाल लिहायला घेणे.

२४ एप्रिल

अहवाल सुरू केला नाही. टेबल डुगडुगतं.

२७ एप्रिल, रविवार

देल्मिरा शब्द पाळते आहे. कुरकुर नाही, टोमणे नाहीत. घरात इतकी शांतता की घड्याळाचा त्रास होतो. पूर्वी ती मला दिवसातून दहा वेळा वेड्यात काढायची. आता विचारते, सूप हवं का. हवं म्हटलं की देते.

रेडिओवर हवामान लागतं. बाइया ब्लांकाचं नाव येण्याआधी ती उठून रेडिओ बंद करते. मग आपल्या गावात पाऊस आहे की नाही तेही कळत नाही.

मी म्हटलं, अगं, ऐकायला काय हरकत आहे? म्हणाली, शब्द म्हणजे शब्द.

माझ्या अध्यक्षपदावर मी खूश आहे. झोप मात्र लागत नाही. नवी उशी घ्यावी.

२ मे, शुक्रवार

दिवसभर स्टेशनवर होतो. फलाट झाडला. कशासाठी झाडला ते स्वतःला विचारलं. उत्तर सुचलं नाही. हे पहिल्यांदाच झालं.

घरी आलो तेव्हा देल्मिरा फोनपाशी खुर्चीत बसली होती. विचारलं, कुणाचा होता? म्हणाली, काही नाही, जेवून घे.

४ मे, रविवार

आज सकाळी सांगून टाकलं. ती किटली ठेवत होती. मी म्हटलं, देल्मिरा, ट्रेन येणार नाही.

ती म्हणाली, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं. या वेळी तिच्याकडे बघून.

ती खुर्चीत बसली आणि हुंदके देऊन रडली. म्हणाली, म्हाताऱ्या, मी काय ट्रेन बघायला चालले होते? मंगळवारी बस असते, शुक्रवारी बस असते, मला एकटीला पोरीकडे कधीही जाता आलं असतं. मला तुझ्याबरोबर जायचं होतं. वाटलं होतं, एवढं सगळं डोळ्यांनी बघितल्यावर एकदा तरी नाही म्हणशील.

मला एकदम हलकं वाटलं. मी म्हटलं, मग रडतेस कशाला, वेडे? भर बॅग. मंगळवारची बस. बेलिसारियोचा राजीनामा मी मंजूर करतो, समिती बरखास्त. बाइयाला अजून गाड्या येतात, मी रोज नातवाला स्टेशनवर नेईन, सगळी इंजिनं शिकवीन. मी कपाटावरची बॅग काढायला स्टूलसुद्धा घेतलं.

ती म्हणाली, खाली उतर.

वाल्तेरने नोकरी घेतली. आपण येणार नाही कळल्यावर दुसऱ्याच दिवशी हो म्हणून टाकलं. शुक्रवारी नोएमीचा फोन आला होता. घर सोडलं, सामान ट्रकमध्ये चढलं, आज पहाटे निघाले. आता ते रस्त्यात असतील, दक्षिणेला.

मी विचारलं, शुक्रवारीच का नाही सांगितलंस मला? ट्रेन येणार नाही हे मी शुक्रवारी सांगितलं असतं, शनिवारी सांगितलं असतं, आपण त्यांना थांबवलं असतं.

ती म्हणाली, कसं सांगणार? त्या गावाचं नाव काढायचं नाही, असा मी तुला शब्द दिला होता.

मी स्टुलावरून उतरलो. तिने मातेत पाणी घातलं, पहिला घोट घेतला, दुसरा मला दिला. काहीतरी बोलावं म्हणून मी विचारलं, बाळ बसायला लागलं का?

ती म्हणाली, हो, लागलं. मागच्या आठवड्यात. तेही तिथलंच होतं, म्हणून नाही सांगितलं.